फिजिक्स मेजर घेऊ की मॅथ्स? मॅथेमॅटिकल फिजिक्सची ओढ असलेल्या मुलीला उत्तर

पत्र (थोडं कापून देतेय):

"मॅडम, मी कराडजवळच्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी. केलं, फिजिक्स, मॅथ्स आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आता सेकंड इयरचा फॉर्म भरायचाय, त्यात मेजर एक आणि मायनर एक. मला दोन्ही आवडतं पण दोन्हीकडं काहीतरी खटकतं. फिजिक्सचे सर 'हे असं दाखवता येतं' म्हणून पुढं जातात आणि माझं डोकं तिथंच अडकून बसतं. मॅथ्सला सगळं सिद्ध करतात पण कशासाठी ते कळत नाही, एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) तर मी पाठ करून लिहिलं. माझ्या आतेभावाचा मित्र कॅनडात वॉटर्लूला मॅथेमॅटिकल फिजिक्स नावाची डिग्रीच करतोय, ते ऐकल्यापासून वाटतंय की मला हेच हवं होतं आणि आपल्याकडं ते नाहीच. प्रॅक्टिकलचा मला कंटाळा येतो, मॅथ्स मेजर घेतलं तर लॅब सुटेल का? पप्पा एसटीत आहेत, विरोध करत नाहीत, पण रोज विचारतात ह्याचं पुढं काय. फॉर्मला थोडेच दिवस राहिलेत. — दोन दगडांवर पाय"

अगं, फॉर्मची घाई आहे म्हणून आधी उत्तर देते आणि कारणं नंतर. फिजिक्स मेजर घे, मॅथ्स मायनर घे, आणि मायनरमध्ये जेवढी निवड करायची मुभा असेल त्यात लिनिअर अल्जेब्रा आणि रिअल अॅनालिसिस हे दोन पेपर काहीही करून बसव. फक्त एका परिस्थितीत उलटं कर, मॅथ्स मेजर आणि फिजिक्स मायनर, ती परिस्थिती तुझ्यात आहे का हे कसं ओळखायचं तेही सांगते.

आधी हा विषय नेमका काय आहे ते बघू, कारण इथंच बऱ्याच मुलांची फसगत होते. फिजिक्सच्या सिलॅबसमध्ये 'मॅथेमॅटिकल फिजिक्स' किंवा 'मॅथेमॅटिकल मेथड्स' नावाचा पेपर असतो, त्यात व्हेक्टर कॅल्क्युलस, फूरिये सिरीज, लेजांद्र, बेसल, हर्माइट ह्यांची फंक्शन्स वगैरे येतं, ती हत्यारांची पेटी आहे, लागतेच, पण ती पेटी म्हणजे हा विषय नव्हे. थिअरॉटिकल फिजिक्स वेगळं, तिथं माणूस मॉडेल बांधतो, आकडा काढतो आणि प्रयोगाशी ताडून बघतो, मधली एखादी पायरी सिद्ध झालेली नसली तरी उत्तर जुळलं की पुढं जातो आणि त्यात काही गैर नाही, फिजिक्स असंच पुढं गेलंय. मॅथेमॅटिकल फिजिक्सवाला मात्र त्याच समीकरणापाशी थांबून विचारतो की हे ज्या वस्तूंबद्दल बोलतंय त्या वस्तू गणितात खरंच आहेत का, ह्याला उत्तर असतंच का, एकच असतं का, आणि निसर्गात दिसणारी गोष्ट ह्यातून सिद्ध करून दाखवता येते का. तुझं डोकं सरांच्या 'दाखवता येतं'पाशी अडकतं ना, ते अडकणं हाच ह्या विषयाचा दरवाजा आहे. त्याला दोष समजू नको.

आता एक उदाहरण कागद घेऊन करच. क्वांटमच्या सुरुवातीलाच नियम येतो, एक्स-पी वजा पी-एक्स बरोबर आय एच-बार (एक्स म्हणजे कणाची जागा, पी म्हणजे मोमेंटम, एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय). समज एक्स आणि पी ह्या एन बाय एन मॅट्रिक्स आहेत, म्हणजे उजवीकडं आय एच-बार गुणिले आयडेंटिटी मॅट्रिक्स. दोन्ही बाजूंचा ट्रेस, म्हणजे मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, घे. एक्स-पी आणि पी-एक्स ह्यांचा ट्रेस कायम सारखा असतो, म्हणून डावीकडं शून्य. उजवीकडं आय एच-बार गुणिले एन, ते काही शून्य होत नाही. म्हणजे अशा दोन मॅट्रिक्स असूच शकत नाहीत, एन कितीही मोठा घेतला तरी! हायझेनबर्ग, बॉर्न आणि जॉर्डन ह्यांनी १९२५ मध्ये मॅट्रिक्स घेऊन क्वांटम मेकॅनिक्स उभं केलं तेव्हा त्या मॅट्रिक्स अनंत आकाराच्या होत्या, आणि त्या तशाच असाव्या लागतात हे तू एफ.वाय.च्या गणितावर सिद्ध केलंस.

अनंतात शिरलं की पुढची अडचण लगेच येते. डब्यातला कण घे, वेव्ह फंक्शन दोन्ही भिंतींवर शून्य. मोमेंटमचा ऑपरेटर म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि पुढं वजा आय एच-बार. बाय पार्ट्स इंटिग्रेट केलंस की तो हर्मिशियन निघतो, पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे. आणि वर्गात शिकवतात की हर्मिशियन ऑपरेटरची आयगनफंक्शन्स (ऑपरेटर चालवला की जी फक्त एका आकड्यानं गुणली जातात ती फंक्शन्स) कम्प्लीट सेट देतात, म्हणजे त्यांच्या बेरजेतून बाकीची फंक्शन्स बनवता येतात. मग ह्याची आयगनफंक्शन्स काढ. इ चा घात आय-के-एक्स येतो, आणि तो कुठंच शून्य होत नाही, मग भिंतींवर कसा होणार, म्हणजे एकसुद्धा आयगनफंक्शन नाही. चूक कुठं झाली? अनंत मितीत 'हर्मिशियन' एवढं म्हणून भागत नाही, ऑपरेटर कुठल्या फंक्शन्सवर चालवायचा ते डोमेन सांगावं लागतं, आणि सिमेट्रिक असणं (बाय पार्ट्सची ती कसोटी पास होणं) आणि सेल्फ-अॅडजॉइंट असणं (शिवाय ऑपरेटर आणि त्याचा अॅडजॉइंट ह्यांचं डोमेनही एकच असणं) ह्यात फरक पडतो. हे १९२० च्या दशकाच्या अखेरीस फॉन नॉयमन ह्यांनी नीट लावलं. श्रोडिंगरचं समीकरण १९२६ चं, पण अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूचा हॅमिल्टोनियन, म्हणजे एकूण ऊर्जेचा ऑपरेटर, खरंच सेल्फ-अॅडजॉइंट आहे ही टोसिओ काटो ह्यांची सिद्धता छापून आली १९५१ मध्ये! मधली पंचवीस वर्षं लोक त्याच समीकरणातून बरोबर उत्तरं काढत होते.

आणि हे नुसतं नीटनेटकेपणासाठी चालतं असं समजू नको. टेबल आपल्या आपणच आत कोसळत का नाही, म्हणजे एवढे इलेक्ट्रॉन आणि न्यूक्लियस एकमेकांना ओढत असताना वस्तू स्थिर कशी राहते, हा प्रश्न अगदी शाळेतल्या मुलाला पडेल असा आहे, आणि त्याचं पक्कं उत्तर डायसन आणि लेनार्ड ह्यांनी १९६७ च्या सुमारास दिलं, मग १९७५ मध्ये लीब आणि थिरिंग ह्यांनी कितीतरी सुटसुटीत सिद्धता दिली. त्यात कळलं की इलेक्ट्रॉनांना लागू असणारं पाउलीचं तत्त्व (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) काढून टाकलं तर ही स्थिरता राहतच नाही. हे प्रयोगानं कळणारं नव्हतं, कारण पाउली तत्त्व नसलेलं जग आणायचं कुठून. मला ह्या विषयाचा लळा लागला तो अशा निकालांमुळं, आणि तुला लागेल असं तुझं पत्र वाचून वाटतंय.

तर आता ती परिस्थिती ओळखायची कशी. डब्याचं उदाहरण स्वतःच्या हातानं कर आणि दोनतीन दिवस डोक्यात राहू दे. मग बघ तुझं मन कुठं जातंय. 'बरं, पण मग त्या डब्यातल्या कणाचा मोमेंटम खरोखर मोजला तर काय येईल?' असं विचारत असशील तर फिजिक्स मेजर. आणि कण राहिला बाजूला, 'डोमेनची व्याख्या अशीच का, अशा प्रकारचे सगळे ऑपरेटर कुठले, त्यांचं वर्गीकरण होतं का' इकडंच ओढलं जात असशील तर बेधडक मॅथ्स मेजर घे. दोन्हीकडून ह्या विषयात येता येतं. जयंत नारळीकर केंब्रिजला मॅथेमॅटिकल ट्रायपॉस करून, म्हणजे गणिताच्या डिग्रीतून, खगोलभौतिकीत आले, त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणित विभागात बसून रिलेटिव्हिटी करायचे. आपल्याकडं नागपूरसारख्या विद्यापीठात आजही एम.एस्सी. मॅथ्सला रिलेटिव्हिटीचे पेपर असतात. आणि शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर, ज्यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम ह्यांना जोडू पाहणारा सिद्धांत) उभी राहिली, त्यांचं काम फिजिक्स म्हणायचं की मॅथ्स हे कुणी ठरवत बसलं नाही.

मग माझा कल फिजिक्स मेजरकडं का? कारण सिद्धता वाचून, लिहून, कुणाकडून तरी तपासून घेऊन मॅथ्सची बाजू मायनर आणि सुट्ट्यांमधून भरून काढता येते, मुलं काढतात. पण मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, थर्मो, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, क्वांटम ह्या पाचही गोष्टी ओळीनं, परीक्षेच्या धाकानं, शेकडो प्रॉब्लेम सोडवत झाल्या नाहीत तर पुढं त्या एकट्यानं करायला फार कमी जणांना जमतं. भाकरी थापायला नुसतं बघून येत नाही तसं आहे हे.

एप्सिलॉन-डेल्टा पाठ केलंस ह्याचं मला वाईट वाटलं, कारण ते कशासाठी हे तुला कुणी सांगितलंच नाही. फूरियेनं १८०७ मध्ये उष्णता कशी पसरते ह्यावर निबंध दिला आणि म्हटलं की वाट्टेल ते फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत लिहिता येतं. लाग्रांजसारख्या माणसाला ते पटलं नाही. सिरीज नेमकी कधी कन्व्हर्ज होते, म्हणजे तिची बेरीज एका ठराविक किमतीकडं जाते, ह्याची पहिली पक्की सिद्धता डिरिश्लेनं १८२९ मध्ये दिली, आणि कँटर ज्या सेट थिअरीपर्यंत पोचला त्याची सुरुवातही अशाच सिरीजच्या एका प्रश्नातून झाली. म्हणजे तुला कोरडं वाटणारं अॅनालिसिस बऱ्याच अंशी तापलेल्या लोखंडाच्या प्रश्नातून आलंय! करून बघ: वजा पाय ते पाय मध्ये एफ-ऑफ-एक्स बरोबर एक्स ह्याची फूरिये सिरीज लिही, आणि टर्म बाय टर्म डिफरन्शिएट कर. डावीकडं १ यायला हवा. उजवीकडं अशी सिरीज येते की जिच्या टर्म्स शून्याकडं जातच नाहीत, ती कन्व्हर्ज व्हायचा प्रश्नच नाही. फिजिक्सच्या वर्गात ही पायरी डोळे मिटून केली जाते, बहुतेक वेळा चालून जाते, आणि कधी चालते कधी नाही हे सांगायला तुझं ते एप्सिलॉन लागतं.

ह्यावरून एक सवय सुचवते. एक वेगळी वही कर आणि सर जेव्हा जेव्हा 'हे दाखवता येतं' म्हणतील तेव्हा ती ओळ तारखेसकट त्यात लिही, वर्गात अडकून बसू नको, पुढचं ऐक. रविवारी वही उघड. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी नुसत्या लांबलचक आकडेमोडीच्या निघतील, त्या एकदा करून टाक. उरलेल्यांत जवळजवळ नेहमी एकच गोष्ट लपलेली असते, कुठंतरी दोन लिमिटची अदलाबदल केलेली असते, सम आणि इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह आणि सम, असं काहीतरी. त्या घेऊन मॅथ्सच्या सरांकडं जा. सेकंड इयरची मुलगी असे प्रश्न घेऊन आली तर चांगला शिक्षक हातातलं काम बाजूला ठेवतो.

आता लॅब. नाही, लॅब सोडू नको, आणि लॅब सुटावी म्हणून मॅथ्स मेजर तर अजिबात घेऊ नको, ते चुकीचं कारण आहे. कंटाळा येतो कारण ठरलेलं रीडिंग घेऊन ठरलेलं उत्तर आणायचं असतं, ते मला मान्य आहे. पण साधा पेंड्युलम घे, एक मीटर दोरीचा, गोळा जड असू दे म्हणजे झोका लवकर मंदावणार नाही. पुस्तकातला फॉर्म्युला लहान कोनासाठीच आहे हे आपण म्हणतो आणि सोडून देतो. ३० अंशांवरून सोड. काळ साधारण १.७ टक्क्यांनी वाढायला हवा, म्हणजे २० झोक्यांना ४०.१ च्या जागी ४०.८ सेकंदांच्या आसपास, झोका हळूहळू मंदावत असल्यानं प्रत्यक्षात थोडा कमी फरक दिसेल. स्टॉपवॉचवर कळतो एवढा हा फरक आहे. आणि तो नेमका काढायला गेलीस की एलिप्टिक इंटिग्रल समोर येतो, ज्याच्यावर एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या गणितज्ञांनी आयुष्यं घालवली. किती अंशांपर्यंत फॉर्म्युला चालवून घ्यायचा, चूक किती, ती मोजमापाच्या चुकीहून मोठी का लहान, हे ज्याला हातानं कळलंय त्याच्या सिद्धतेतल्या एस्टिमेटनासुद्धा अर्थ असतो. माझं मत ह्याबाबतीत ठाम आहे.

आपल्याकडं ही डिग्री नाही ह्याची हळहळ मात्र सोड. वॉटर्लू, एडिंबरा, मेलबर्न अशा ठिकाणी ह्या नावाची डिग्री किंवा मेजर आहे, पण आत डोकावलंस तर निम्मे पेपर मॅथ्स विभागाचे आणि निम्मे फिजिक्सचे, तेच जे तुला मेजर-मायनरमधून जमवायचेत. भारतात त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं मॅथ्स आणि फिजिक्स मिळून असलेलं बी.एस्सी. ऑनर्स, आणि मग पुण्याचं आयसर किंवा मुंबईत कलिन्याला असलेलं सेब्स ह्या विज्ञान संस्था, जिथं पाच वर्षांचे कोर्स आहेत. हे सगळे दरवाजे मुख्यतः बारावीनंतरचे. तू एक वर्ष पुढं आलीयस, ते वर्ष टाकून परत प्रवेश परीक्षेच्या मागं लागू नये असं मला वाटतं. तुझा दरवाजा एम.एस्सी.चा आहे, म्हणजे जॅम, आयआयटी आणि इतर संस्थांच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. त्यात एक किंवा दोन पेपर देता येतात, त्यामुळं फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हीचा विचार करता येईल. पण प्रवेशाच्या वेळी संस्था बघतात की तो विषय तू डिग्रीला किती सेमिस्टर केलायस, म्हणून मॅथ्सचं मायनर मध्येच सोडून सोपा विषय घ्यायचा मोह होईल तेव्हा थांब. कुठल्या संस्थेला किती सेमिस्टर लागतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आत्ताच वाचून ठेव.

क्रम कसा ठेवायचा म्हणशील तर लिनिअर अल्जेब्रा सगळ्यात आधी, आणि मॅट्रिक्सची आकडेमोड करून थांबू नको, व्हेक्टर स्पेस, लिनिअर मॅप, इनर प्रॉडक्ट, स्पेक्ट्रल थिअरम इथपर्यंत जा, क्वांटमचा अर्धा डोलारा त्यावर उभा आहे. त्याबरोबर लाग्रांजियन-हॅमिल्टोनियन मेकॅनिक्स आणि एमी नोएदरचा १९१८ चा सिद्धांत, सिमेट्री आणि कॉन्झर्वेशन लॉ ह्यांचं नातं. मग रिअल आणि कॉम्प्लेक्स अॅनालिसिस, थर्ड इयरला थोडी ग्रुप थिअरी, कारण लेजांद्रची ती फंक्शन्स रोटेशनच्या सिमेट्रीतून आपोआप पडतात हे कळलं की पाठ करायचं ओझंच उतरतं. डिफरन्शियल जॉमेट्री, फंक्शनल अॅनालिसिस, टोपोलॉजी हे नंतर. स्ट्रिंग थिअरीचे व्हिडिओ आत्ता बघू नको, वेळ जातो आणि हातात काही राहत नाही. त्यापेक्षा आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन सरांची एनपीटीईएलवरची (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सची साइट) लेक्चर्स बघ, क्लासिकल फिजिक्सपासून सुरू कर, वही-पेन घेऊन.

उन्हाळ्याची सुट्टी वाया घालवू नको. एमटीटीएस म्हणून मॅथ्सचं शिबिर आहे, १९९३ मध्ये कुमरेसन सरांनी सुरू केलेलं, तिथं व्याख्यानापेक्षा प्रश्न जास्त असतात आणि उत्तर मुलांनी काढायचं असतं, तुला जे वर्गात मिळालं नाही ते तिथं मिळेल. मानखुर्दला होमी भाभा सेंटरचा एनआययूएस हा कॉलेजच्या मुलांसाठीचा उपक्रम आहे, पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला प्रोग्राम आहे, आणि सायन्स अकादमींची समर फेलोशिप आहे. ह्यांचे फॉर्म महिनोन्महिने आधी निघतात, दिवाळीपासूनच वेबसाइटवर नजर ठेव. कराडच्या कॉलेजातून आपली निवड कशाला होईल असं मनात आणू नको, अर्ज केल्याशिवाय ते कळत नाही.

पप्पांना खरं ते सांग. नुसत्या बी.एस्सी.वर ह्या विषयात नोकरी नाही, एम.एस्सी. लागेलच, आणि रिसर्चच्या कायमच्या जागा थोड्या आहेत, प्राध्यापकांच्या भरत्याही रखडतात. पण त्याच वेळी हेही सांग की जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये मिळतात, २०२३ पासून हा दर आहे, वर घरभाडं वेगळं. ती ज्यातून मिळते त्या सीएसआयआर-नेट परीक्षेच्या फिजिकल सायन्सच्या सिलॅबसमध्ये पहिलाच भाग मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, म्हणजे तुझी आवड तिथं कामालाच येते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ६,००० कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलंय, त्या क्षेत्राची भाषा म्हणजे लिनिअर अल्जेब्राच. आणि रिसर्चला जायचं नाही असं पुढं ठरलं तर हेच गणित आणि त्याला जोडून नीट शिकलेलं पायथन घेऊन मुलं डेटा, फायनान्स, सिम्युलेशनच्या कामांत जातात, म्हणून सेकंड इयरच्या पहिल्या सेमिस्टरपासून कोडिंगला हात घाल, डबल पेंड्युलम (एका पेंड्युलमला टांगलेला दुसरा) स्वतः प्रोग्राम लिहून हलवून बघ. पप्पांना एकदा तारखा लिहून दे, जॅम थर्ड इयरच्या फेब्रुवारीत, मग दोन वर्षं एम.एस्सी., त्यात नेट-गेट-जेस्ट ह्या पीएच.डी.साठीच्या परीक्षा. रोज विचारणारा माणूस काळजीनं विचारत असतो, त्याला तारखा दिसल्या की बरंच हलकं वाटतं.

आणि फॉर्म भरायच्या आधी उद्याच मॅथ्स विभागात जाऊन विचारून ये की मायनरवाल्या मुलांना लिनिअर अल्जेब्रासाठी मेजरच्या वर्गात बसू देतात का. टाइमटेबल आडवं आलं तर निदान त्यांचे असाइनमेंट सोडवून दाखवायची परवानगी माग.